मुलाच्या दंडाच्या हाडात सिस्ट: खरवडून कृत्रिम दाणे भरायचे की कमरेचं हाड?

मानेवाड्याची आई

नमस्कार. मुलगा 13 वर्षांचा, आठवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेशीमबागच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता. बाउंड्रीवरून बॉल फेकला आणि तिथेच हात धरून खाली बसला. पडला नाही, कोणाला धडकला नाही, फक्त थ्रो केला आणि दंडाचं हाड मोडलं. एक्स-रेत दिसलं की खांद्याच्या थोडं खाली हाड आतून पोकळ आहे. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये साधी सिस्ट, आत पाणी, 5 बाय 2.5 बाय 2.5 सेंमी, वाढीच्या पट्टीपासून (जिथून हाड लांब होत जातं ती जागा) सुमारे 2 सेंमी खाली, असं लिहिलं आहे. कॅन्सरसारखं काही नाही असं सगळ्यांनीच सांगितलं, तेवढं बरं वाटलं.

मोडलेलं हाड गळपट्टीत जुळून आलं. पोकळी मात्र तशीच आहे. आता तीन ठिकाणी तीन मतं मिळाली. धंतोलीतले डॉक्टर म्हणतात, उघडून खरवडू आणि सिंथेटिक बोन ग्राफ्टचे दाणे भरू. रामदासपेठेतले म्हणतात, दाणे कशाला, त्याच्याच कमरेचं हाड घेऊ, आपलं ते आपलं. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी इंजेक्शन देऊन पाहू. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. आकडे दिसले की ओळ न् ओळ वाचायची सवय. एस्टिमेटमध्ये "सिंथेटिक बोन ग्राफ्ट 10 सीसी, नग 2" ही एक ओळ आहे आणि ती सर्जनच्या फीच्या जवळपास जाते. एवढं काय असतं त्यात?

आणि ते दाणे पुढे हाड होतात, की मुलाच्या हातात जन्मभर खडे राहतात? सासूबाई माळकरी आहेत, त्यांचा एकच प्रश्न: ते कोणत्या जनावराचं तर नाही ना? मी हसण्यावारी नेलं नाही, कारण मला स्वतःलाच उत्तर माहीत नाही. हाताची वाढ खुंटेल का, ही माझी भीती वेगळीच. महात्मा फुले योजनेत हे बसतं का तेही कोणी सांगा. घाबरवणारे किस्से नकोत, जे पाहिलं असेल ते लिहा.

ओटीतला काका

ताई, मी ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट होतो. आता रिटायर. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण धंतोलीपासून सक्करदऱ्यापर्यंत हाडाच्या ऑपरेशनले टेबलाजवळ उभा राहिलो आहे, आणि ते दाणे वाटीत भिजवून डॉक्टरच्या हाती द्यायचं काम माझंच राहायचं. म्हणून लिहून राहिलो.

पॅकेट फोडलं की आत काय निघते? भगरीएवढे पांढरे दाणे. काही कंपन्यांचे जाड राहतात, काहींच्या चौकोनी कांड्या राहतात. पाहून कोणालाही वाटेल, याचे एवढे पैसे? पण भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक दाण्याले बारीक छिद्रं असतात, आणि ती एकमेकाले आतून जोडलेली असतात. रक्त त्याच्यात शिरते, मग बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मग हाड बनवणाऱ्या पेशी. छिद्र फार बारीक असलं तर काही शिरतच नाही. तुमच्या पैशाचा मोठा भाग त्या छिद्रांचा आणि निर्जंतुक पॅकिंगचा आहे म्हणा ना.

आता महत्त्वाचं. लोक दाण्याच्या ब्रँडवरून डोकं पिकवतात, खरवडण्याबद्दल कोणी विचारतच नाही. मी पाहिलं ते असं. डॉक्टर पहिले सुई घालून पाणी काढतात. साध्या सिस्टचं पाणी पिवळसर, पातळ निघते. फ्रॅक्चर होऊन गेलं असलं तर लालसर निघते, त्याले भ्यायचं नाही. मग हाडाले खिडकी पाडतात. आतमध्ये पातळ अस्तर असते, ते क्युरेटनं, म्हणजे चमच्यासारख्या धारदार हत्यारानं, खरवडून काढतात. सरळ भिंतीवरचं लवकर निघते, पण सिस्टच्या आत हाडाचे कंगोरे असतात, त्यांच्या मागचं निघायले वेळ लागते. सिस्ट परत आली तर बहुतेक तिथूनच येते. काही सर्जन आरसा असल्यासारखं वळून वळून पाहतात, मशीनच्या बरनं (गरगर फिरणारं घासायचं टोक) भिंत घासतात, सीआर्मवर, म्हणजे टेबलाजवळच्या एक्स-रे मशीनवर, पुन्हा पाहतात. काही जण दहा मिनिटांत "चला, दाणे द्या" म्हणतात. दोघंही तेच दाणे भरतात. दोन वर्षांनी दोघांचे एक्स-रे सारखे दिसतीलच, असं मी तं म्हणणार नाही.

म्हणून ताई, धंतोलीवाल्याले विचारा: खरवडणार कसं, बर वापरणार का, आणि पोकळीतून वर-खाली हाडाच्या मगजाकडे वाट मोकळी करणार का? सिस्टमध्ये पाण्याचा दाब साचते, त्याले जागा करून द्यावी लागते. याचं उत्तर नीट मिळालं तर दाणे कोणते, हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे.

खरवडलेला माल पॅथॉलॉजीले गेलाच पायजे, एमआरआय कितीही चांगला असो. तो रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

कमरेच्या हाडाबद्दल: चीज उत्तम, त्यात जिवंत पेशी असतात, दाण्यांत त्या नसतात. पण पोराले दुसरी जखम होते. वॉर्डात पेशंट ऑपरेशनच्या जागेपेक्षा कमरेसाठी जास्त कण्हताना मी पाहिले आहेत.

हाडांची डॉक्टर, हिंगणा रोड

काकांनी बरंच नेमकं लिहिलं आहे. मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, पण तुमच्या मुलाला तपासलेलं नाही. त्यामुळे निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच.

आधी आकडा. अशा लंबगोल पोकळीचं माप लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले 0.52 असं काढतात. 5 × 2.5 × 2.5 × 0.52 म्हणजे साधारण 16 सीसी. बर मारल्यावर जागा थोडी वाढते. त्यामुळे 10 सीसीचे 2 नग फुगवलेले वाटत नाहीत. 16 सीसी हाड 13 वर्षांच्या मुलाच्या कमरेतून काढणं सोपं नाही, कारण त्या वयात कमरेच्या हाडाची वरची कड अजून कूर्चेची असते आणि तिथेही वाढ चालू असते. "आपलं ते आपलं" हे मोठ्या माणसाच्या छोट्या पोकळीला जास्त लागू पडतं. मधला मार्गही आहे: कमरेतून सुईने थोडा मगज ओढून तो दाण्यांत कालवायचा. जखम टाक्याएवढीही होत नाही.

आता "दाणे" म्हणजे नक्की काय, कारण एस्टिमेटवर नुसतं "सिंथेटिक" लिहिलं की काहीच कळत नाही. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, शुद्ध वैद्यकीय प्रतीचं. हा काही नवा शोध नाही. जर्मनीत ड्रीसमन यांनी 1892 साली हाडातल्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. हे साधारण 6 ते 12 आठवड्यांत विरघळतं, मोठ्या पोकळीत कधी कधी नवं हाड येण्याच्या आधीच. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सावकाश जातं, 6 महिने ते 2 वर्षं धरा, आणि जाता जाता त्या जागी हाड येतं. हायड्रॉक्सीअपेटाइट हे हाडातल्या खनिजाच्या सगळ्यात जवळचं. पण ते वर्षानुवर्षं राहतं, आजूबाजूने आणि छिद्रांतून हाड वाढून ते आत गुंफलं जातं. तुमचा "जन्मभर खडे" हा प्रश्न खरा याच्याबद्दल आहे. ते राहिलं तरी त्रास देत नाही, फक्त एक्स-रेत पांढरं दिसत राहतं. बहुतेक कंपन्या हल्ली शेवटचे दोन मिसळून विकतात, म्हणजे काही भाग विरघळतो आणि काही आधाराला थांबतो. वाढत्या मुलात, स्वतःची निवड असेल तर, मी विरघळणाऱ्याकडे झुकेन.

सासूबाईंचा प्रश्न अगदी योग्य आहे. कॅल्शियम सल्फेट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कृत्रिम हायड्रॉक्सीअपेटाइट ही रसायनांपासून बनवतात, जनावराचा संबंध नाही. पण बाजारात गाईच्या हाडापासून केलेला ग्राफ्टही मिळतो, दातांच्या कामात तो बराच वापरतात. ग्राफ्टच्या काही पट्ट्यांमध्ये खनिजाबरोबर कोलॅजन हे प्रथिन असतं, आणि ते बहुधा गोवंशाचं असतं. "डीमिनरलाइज्ड बोन मॅट्रिक्स" असं लिहिलेलं बहुतेक वेळा मृत दात्याच्या हाडाचं असतं. म्हणून नुसत्या "सिंथेटिक" शब्दावर विसंबू नका, खोक्यावर घटक काय लिहिलेत ते आधी मागून घ्या.

इंजेक्शनचं मतही बाजूला सारू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सिस्टमध्ये देण्याची पद्धत इटलीतल्या स्काल्येत्ती यांनी 1970 च्या दशकात रूढ केली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मुलांच्या सिस्टमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि मगजाचं इंजेक्शन यांची तुलना केली. स्टिरॉइडने 42 टक्के बरे झाले, मगजाने 23 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांत तेवढ्याने भागत नाही आणि इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. पण चीर नाही, दवाखान्यात भरती राहण्याचा खर्च कमी, आणि हा हात आहे, मांडीचं हाड नाही. हीच सिस्ट मांडीच्या हाडाच्या मानेत असती तर वाट पाहा म्हणायला मी धजावले नसते, कारण तिथे शरीराचा भार पडतो आणि मोडलं तर खुब्याचं कायमचं नुकसान होतं.

वाढीबद्दल: दंडाच्या लांबीतली जवळपास 80 टक्के वाढ खांद्याकडच्या पट्टीतून होते, म्हणून तुमची भीती निराधार नाही. पण 2 सेंमी अंतर चांगलं आहे. सिस्ट पट्टीला चिकटून असते तेव्हा खरवडताना धोका असतो, आणि अशी सिस्ट परत यायचं प्रमाणही जास्त असतं.

शिलाई मशीन, गोकुळपेठ

माझा प्रकार वेगळा होता, तरी लिहिते. जायंट सेल ट्युमर, गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकाला. हाही साधाच ट्युमर, पण जरा मुजोर. मी ब्लाउज शिवते. पायमशीन चालवताना गुडघा दुखायचा, मी म्हणायचे संधिवात.

माझ्यात दाणे नाही भरले, बोन सिमेंट भरलं. मला दोन्ही एकच वाटलं होतं, पण तसं नाही. सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिकच. ते कधीच हाड होत नाही, आहे तिथेच राहतं. फायदा असा की टेबलावरच घट्ट होतं आणि लगेच भार घेता येतो. घट्ट होताना गरम होतं, त्या उष्णतेने कडेच्या उरल्यासुरल्या पेशीही मरतात असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी खरवडून फिनॉल हे पेशी मारणारं रसायन लावलं होतं. सांध्याच्या कूर्चेला सिमेंटची झळ लागू नये म्हणून मधे माझ्याच कमरेच्या हाडाचा थर दिला. गुडघा लवकर सुधारला. कमरेची ती जागा मात्र कितीतरी महिने पेटीकोटची नाडी बांधताना दुखायची. काका म्हणतात ते खरं आहे.

मुलाला सिमेंट लावा असं कोणी म्हटलं तर का, ते नक्की विचारा. मला ते माझ्या ट्युमरमुळे लावलं. तो परत येतो, आणि सिमेंट असलं की एक्स-रेत कडेला काळी रेघ रुंदावताना लवकर दिसते. पहिली दोन-तीन वर्षं मी दर काही महिन्यांनी फोटो काढत होते, छातीचाही.

एक तक्रारही लिहिते. नाव कुठलंच लिहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर माझ्या सिमेंटबद्दल अक्षरही नव्हतं. पुढे दुसऱ्या शहरात मुलीकडे असताना गुडघा सुजला, एक्स-रे काढला, तर तिथला माणूस तो पांढरा गोळा पाहून बायोप्सीच्या गोष्टी बोलायला लागला. जुने फोटो फोनमध्ये होते म्हणून वाचले. कार्डावर काय भरलं ते लिहूनच घ्या.

मानेवाड्याची आई

खूप आभार. सासूबाईंना डॉक्टर ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मी धंतोलीत फोन करून घटक विचारले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, इम्पोर्टेड आहे." मी म्हटलं, इम्पोर्टेड हा घटक नाही. शेवटी खोक्याचा फोटो मागवला. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बाकी काही मिसळलेलं नाही.

आता दोन शंका. दाणे भरल्यावर हात लगेच मजबूत होतो का? हा पोरगा घरात बसणारा नाही, ऑगस्टपासून पुन्हा प्रॅक्टिसला जायचं म्हणतो. आणि काकांना: पॅकेट उरलं तर परत करतात का? योजनेबद्दलही कोणी लिहिलं नाही.

हाडांची डॉक्टर, हिंगणा रोड

नाही, लगेच मजबूत होत नाही. उलट खिडकी पाडल्यामुळे पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. दाण्यांना स्वतःची ताकद फारशी नसते. दाबले तर थोडा भार सोसतात, पण वाकवलं-पिरगाळलं की कामाचे नाहीत, आणि थ्रो करताना दंडाला पीळच बसतो. काही सर्जन म्हणूनच आत लवचिक टायटॅनियमची सळई घालतात. तुमच्या डॉक्टरांचा तसा विचार आहे का विचारा, आणि ती पुढे काढायला दुसरं छोटं ऑपरेशन लागतं तेही धरून चाला. ऑगस्टचं त्याला आत्ताच "नाही" सांगा. खेळायची परवानगी एक्स-रेत पोकळीच्या भिंती जाड झालेल्या दिसल्यावर मिळते, कॅलेंडर पाहून नाही.

आणखी एक. पुढच्या फोटोंमध्ये दाणे हळूहळू फिके होत जातील. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं ते ठरलेलं आहे. त्या जागी हाडाच्या रेषा येतात का, हे पाहायचं. दाणे फिके झाले आणि तिथे पुन्हा गोल, स्वच्छ काळा डाग वाढताना दिसला, तर सिस्ट परतली असं समजून लवकर दाखवा. मुलांत असं होतं, आणि झालं तर पुन्हा इंजेक्शन किंवा खरवडणं करता येतं. हात गमावण्याची वगैरे गोष्ट नाही.

ओटीतला काका

इम्पोर्टेड हा घटक नाही! ताई, तुम्हाले तं परचेसमध्ये बसवायले पायजे.

परत करायचं असं. सील न फोडलेलं पॅकेट सप्लायर परत घेते, फोडलेलं नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा, पहिले 10 फोडा, भरून पहा, लागलं तरच दुसरं फोडा. आणि 10 च्या दोन नगांच्या जागी 10 अधिक 5 अधिक 5 असं मागवता येते का विचारा. 16 सीसीची पोकळी असली तरी ठासून भरत नाहीत, दाणे चिरडले तर छिद्रं बुजतात आणि रक्त शिरायले जागा राहत नाही. प्रत्येक पॅकेटसोबत स्टिकर येतात, नाव, लॉट नंबर, एक्सपायरी. एक केस पेपरवर लागते, एक तुमच्या फाइलमध्ये लावून घ्या. बिलावर जितके नग तितके स्टिकर पायजेत. कॅशियरले हे मी काय सांगावं.

जखमेतून एखाद्या वेळी पाणी झिरपते. कॅल्शियम सल्फेट भरलं असलं तर ते पांढरट, दुधासारखं दिसते आणि लोक पू समजून धावत येतात. तुमच्या पोराले ते भरून नाही राहिले, म्हणून पांढरं पाणी, ताप, जखमेभोवती लाली असं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

योजनेचं: महात्मा फुले योजनेत कुटुंबाले वर्षाले 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ठरलेल्या पॅकेजमधले आणि यादीतल्या दवाखान्यातच. तिथं आरोग्यमित्राचा टेबल राहते. रेशन कार्ड, दोघांचं आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जा, आणि नेमकं विचारा: सिस्ट खरवडून ग्राफ्ट भरायचं पॅकेज आहे का, आणि दाण्यांचा खर्च त्यातच धरला आहे का वेगळा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. सकाळीच जा, दुपारी त्या टेबलाजवळ रांग फार असते.